दहावी-बारावीनंतरची वाट : कोणती दारे बंद होतात, कोणती उघडी राहतात

दरवर्षी मे महिन्यात निकाल लागतात आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : 'आता पुढे काय?' २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. सुमारे साडेचौदा लाख नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. पेढे वाटून होण्याच्या आतच शेजारी, मामा-काका, क्लासचालक यांचे सल्ले सुरू होतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने आठ-दहा दिवसांत आयुष्याची दिशा ठरवावी, अशी अपेक्षा असते. आणि बहुतेक घरांत ती दिशा मुलाच्या आवडीपेक्षा टक्केवारीवरून ठरते. नव्वदच्या वर गुण असतील तर विज्ञान, ऐंशीच्या आसपास असतील तर वाणिज्य आणि त्याखाली कला, ही उतरंड कोणत्याही सरकारी नियमात लिहिलेली नाही. तरीही ती नियमासारखीच पाळली जाते.

या निर्णयाबाबत पालकांच्या मनात दोन टोकाचे समज आढळतात. एक, शाखा एकदा निवडली की परत फिरणे नाही. दुसरा, 'आधी सायन्सला प्रवेश तर घेऊ, पुढचे पुढे पाहू'. दोन्ही समज अर्धेच खरे आहेत. काही दारे खरोखर बंद होतात, काही केवळ लोटलेली असतात. कोणते दार कोणत्या प्रकारचे, हे प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच ठाऊक असले, तर पुढची तीन-चार वर्षे वाया जाण्याचे टळू शकते.

ही दोन वर्षे आली कोठून?

अकरावी-बारावीचा टप्पा आज स्वाभाविक वाटत असला तरी तो फार जुना नाही. पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीला होत असे. मॅट्रिक झालेला विद्यार्थी थेट महाविद्यालयाची पायरी चढे आणि प्री-डिग्री, इंटर अशा इयत्ता पार करून पदवीकडे जाई. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) देशभर एकसारखी रचना असावी अशी शिफारस केली. त्यातून पुढे आलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारला. शालान्त परीक्षा दहावीवर आली आणि शाळा व पदवी यांच्या मध्ये कनिष्ठ महाविद्यालय उभे राहिले.

या दोन वर्षांचा हेतू विद्यार्थ्याला विषयांची चव घेता यावी, स्वतःचा कल उमगावा आणि पदवीची तयारी व्हावी, असा होता. प्रत्यक्षात मात्र शाखानिवड दहावीच्या उंबरठ्यावरच करावी लागत असल्याने चव घेण्याआधीच ताट वाढून ठेवल्यासारखी स्थिती झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील या भिंती पातळ कराव्यात असे सुचवले. महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांच्या पातळीवर त्याची अंमलबजावणी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली.

खरोखर बंद होणारी दारे

शाखाबदलाचा साधा नियम असा, की विज्ञानाकडून वाणिज्य किंवा कलेकडे जाता येते. उलट दिशेने जाणे जवळजवळ अशक्य असते. बारावी विज्ञान झालेला विद्यार्थी बीए, बीकॉम, विधी, पत्रकारिता यांपैकी कोठेही प्रवेश घेऊ शकतो. बारावी वाणिज्य झालेल्या विद्यार्थ्याला बीएस्सी भौतिकशास्त्राला प्रवेश मिळत नाही. 'सायन्स घेऊन ठेवू' या सल्ल्यामागचा तर्क हाच आहे आणि तो चुकीचा नाही. मात्र रसायनशास्त्राची गोडी नसलेल्या मुलाने केवळ दार उघडे ठेवण्यासाठी दोन वर्षे खर्ची घातली आणि बारावीला पन्नास टक्क्यांवर घसरला, तर चांगल्या वाणिज्य महाविद्यालयाचे दारही त्याला बंद होते. दार उघडे ठेवण्याची किंमत असते, ती हिशेबात धरली जात नाही.

दुसरे दार गणिताचे. राज्याच्या अभियांत्रिकी सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय असून एकूण दोनशे गुणांपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे असतात. त्यामुळे अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्याने अभियांत्रिकीचा विचार सोडलेला असतो, हे त्याला त्याच वेळी माहीत हवे. गणिताची गरज अभियांत्रिकीपुरतीच नाही. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संख्याशास्त्र पदवीला बारावीला गणित लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र व गणित आवश्यक आहे. प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले असून त्यांची पहिली १७ जणींची तुकडी मे २०२५ मध्ये तेथून बाहेर पडली. वाणिज्य शाखेत 'गणित नको' म्हणून चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेणाऱ्यांनी पुढे अर्थशास्त्राच्या नामवंत संस्थांत जायचे आहे का, याचा विचार आधीच करावा.

तिसरे दार वैद्यकीयचे. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. येथे एक बंद दार अलीकडे किलकिले झाले आहे. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देऊन उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. तथापि स्पर्धेचे प्रमाण विसरून चालणार नाही. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे सव्वा लाख.

सर्वांना उघडी असलेली दारे

ज्या दारांवर शाखेची पाटीच नाही, त्यांची चर्चा घरात सर्वांत कमी होते. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, डिझाइन, हॉटेल व्यवस्थापन आणि पत्रकारिता यांना कोणत्याही शाखेची बारावी चालते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला आणि राज्यसेवेला कोणतीही पदवी पुरते. सनदी लेखापाल होण्यासाठी बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा देता येते आणि शाखेची अट नाही. ठरावीक टक्के गुण मिळवणाऱ्या पदवीधरांना तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटचा मार्ग आहे. जुलै २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे.

बाजूच्या वाटा मुख्य रस्त्याला मिळतात

दहावीनंतर अकरावीच, असे गृहीत धरले जाते. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका दहावीच्या गुणांवर मिळते. आणि पदविका झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. अकरावी-बारावीची दोन वर्षे व पदवीची चार मिळून सहा वर्षे होतात. पदविकेची तीन व पदवीची उरलेली तीन मिळूनही सहाच. फरक एवढाच, की दुसऱ्या वाटेवर तीन वर्षांनी हाती नोकरीयोग्य पदविका असते आणि सीईटीचा ताण चुकतो. अडचणही सांगितली पाहिजे. शाळेतून थेट तांत्रिक विषयांत गेलेल्या मुलांना पहिले वर्ष जड जाते, इंग्रजी पाठ्यपुस्तके अंगावर येतात आणि 'वायडी', म्हणजे वर्ष मागे पडणे, हा शब्द तेथे फार लवकर कानी पडतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची वाटही अशीच आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून या संस्था उभ्या राहिल्या. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर असे व्यवसाय शिकून १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येते. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आणि तेथून पुढे पदवीकडेही जाता येते. म्हणजे आयटीआयच्या कार्यशाळेतून निघालेली वाट अभियंत्याच्या पदवीपर्यंत अखंड आहे. ती लांब आहे, पण तुटलेली नाही. कमावता कमावता शिकणाऱ्यांसाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

अकरावीच्या अर्जातील खाचाखोचा

मुंबई महानगर क्षेत्रात २००९ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. २०२५-२६ पासून ही पद्धत संपूर्ण राज्याला लागू झाली. पहिल्याच वर्षी एक गोष्ट ठळकपणे दिसली : राज्यात जागा वीस लाखांहून अधिक आणि उत्तीर्ण विद्यार्थी त्याहून कितीतरी कमी. जागांची टंचाई नाही. टंचाई आहे ती मोजक्या नामवंत महाविद्यालयांतील जागांची.

अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून 'मिळणार तर नाहीच' अशा समजुतीने कोणाचेही नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नये. रोजचा प्रवास, अनुदानित की विनाअनुदानित तुकडी, शुल्क आणि हवा तो विषय तेथे शिकवला जातो की नाही, या चार गोष्टी नावलौकिकाच्या आधी पाहाव्यात. दीड तास लोकलने जाऊन दीड तास परत येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाकडे अभ्यासाला आणि झोपेला किती वेळ उरतो, हे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे.

अभियांत्रिकीची लाट आणि तिचा धडा

आजच्या बाजाराकडे पाहून चार वर्षांनंतरचा निर्णय घेण्यातील धोका महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. तोपर्यंत अनेक विद्यार्थी देणगी भरून कर्नाटकात जात. या निर्णयाने ग्रामीण भागातील हजारो घरांत पहिला अभियंता तयार झाला, हे त्याचे मोठे श्रेय. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या तेजीत महाविद्यालये वाढत गेली आणि २०१० नंतरच्या दशकात हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या; काही महाविद्यालयांना टाळे लागले. त्यानंतर ओघ पुन्हा संगणक शाखेकडे वळला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवल्यावर नामांकित संस्थांत संगणकाच्या जागा आणखी वाढल्या.

ज्या शाखेकडे आज सर्व जण धावत आहेत, तिच्यातून एकाच वर्षी सर्वाधिक पदवीधर बाहेर पडणार असतात. मागणी तेव्हा किती असेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून 'स्कोप' या एका शब्दावर निर्णय टांगू नये. विषयात गती असलेला विद्यार्थी मंदीतही तग धरतो. केवळ लाटेबरोबर आलेला लाट ओसरली की उघडा पडतो.

हजेरीपटावरचे महाविद्यालय

गेल्या काही वर्षांत अकरावी-बारावी या टप्प्याचेच स्वरूप पालटले आहे. खासगी क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्यात करार होतो. विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि विद्यार्थी दिवसभर क्लासच्या वर्गात. याला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी केंद्रांनी प्रवेश देऊ नये, असे सांगितले. तरी ही व्यवस्था संपलेली नाही, कारण तिला पालकांचीच मागणी आहे.

क्लासचा उपयोग नाही, असे म्हणता येणार नाही. स्पर्धा परीक्षांचा सराव तेथे पद्धतशीर होतो. पण प्रयोगशाळेत हाताने न केलेला प्रयोग, न वाचलेले अवांतर पुस्तक आणि वेगळ्या परिस्थितीतून आलेल्या मुलांशी न झालेली मैत्री, हे सर्व त्या दोन वर्षांतून वजा होते. शिवाय मुलाची ओळख केवळ चाचणीतील क्रमांकापुरती उरते. क्रमांक घसरला की स्वतःबद्दलचा विश्वासही घसरतो. सतत उदास राहणे, झोप उडणे, बोलणे कमी होणे ही लक्षणे दिसली, तर 'परीक्षेपर्यंत कळ काढ' असे न म्हणता पालकांनी तातडीने समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी. कोणतीही परीक्षा त्याहून महत्त्वाची नाही.

वर्गाबाहेरचे शिक्षण

महाविद्यालयाची वर्षे पुढे आयुष्यभर आठवतात ती बहुधा व्याख्यानांमुळे नव्हे. कट्टा, गॅदरिंग, भित्तिपत्रक, एकांकिकेच्या रात्री-बेरात्रीच्या तालमी, राष्ट्रीय सेवा योजनेचे खेड्यातील शिबिर यांत तरुणाला स्वतःची ओळख पटते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. त्याआधी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर विद्यार्थी राबून शिकत होते. श्रमाची लाज वाटू नये, हा धडा त्यांनी कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना घेतला.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण या संदर्भात नेहमी आठवावे. डॉ. श्रीराम लागू येथून डॉक्टर झाले, नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी व्यवसाय केला आणि १९६९ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली. येथेच शिकलेले डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ असतानाच १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक झाले. त्या नाटकातील नाना साकारणारे डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. डॉ. अनिल अवचट यांनी वैद्यकीय पदवी घेऊन पत्रकारिता व लेखनाची वाट धरली आणि १९८६ मध्ये व्यसनमुक्तीच्या कामाला सुरुवात झाली तेव्हा ते वैद्यकीय ज्ञान पुन्हा उपयोगी पडले. या सर्वांनी पदवीचा अपमान केला नाही. पदवीच्या वर्षांत उमटलेली दुसरी आवड मात्र मरू दिली नाही. अर्थात त्यांच्या पाठीशी पोट भरणारी विद्या होती, हेही तितकेच खरे.

पैशाचा हिशेब

शिक्षणाची चर्चा भावनेवर होते आणि शुल्काची पावती नंतर येते. हा क्रम बदलला पाहिजे. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे उचलले आणि सरळव्याज दहा टक्के धरले. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. तोपर्यंत व्याज भरले नाही, तर सुमारे साडेतीन लाख रुपये व्याज चढलेले असते. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या वेळी देणे साडेतेरा लाखांचे झालेले असते. ज्या महाविद्यालयातून मिळणाऱ्या पहिल्या पगारात हा हप्ता बसत नाही, तेथे कर्ज काढून जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सवलतींची माहितीही वेळेवर घ्यावी. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी लागू झाली. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्जाची व उत्पन्नाच्या अटीवर तीन टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास ही कागदपत्रे निकालानंतर तहसील कार्यालयात रांग लावून मिळवण्यापेक्षा परीक्षा संपताच तयार ठेवणे शहाणपणाचे.

कल कसा ओळखावा?

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली होती. ती काही वर्षे चालली. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था मानसशास्त्रीय चाचण्या दीर्घकाळ घेत आल्या आहेत. अशा चाचण्यांतून क्षमता व आवड यांचा अंदाज मिळतो, निकाल नव्हे. त्याच्या जोडीला काही साधे प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावेत. कोणी न सांगता कोणत्या विषयाचे पुस्तक उघडले जाते? कोणते काम करताना वेळ कळत नाही? त्या व्यवसायातील माणसाचा रोजचा दिवस कसा जातो, हे प्रत्यक्ष पाहिले आहे काय? उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या वकिलाच्या कार्यालयात, गॅरेजमध्ये किंवा प्रयोगशाळेत घालवलेला आठवडा दहा माहितीपुस्तिकांपेक्षा अधिक शिकवतो.

निर्णय चुकला तर

तरीही निर्णय चुकतात. अशा वेळी सर्वांत महाग पडते ते 'एवढी फी भरली, आता पूर्णच कर' हे वाक्य. भरलेले पैसे परत येणार नसतात; प्रश्न उरलेल्या वर्षांचा असतो. नव्या रचनेत पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी बाहेर पडण्याची सोय आहे. मधल्या टप्प्यावर बाहेर पडणाऱ्यांना काही जादा श्रेयांक मिळवावे लागतात. मिळालेले श्रेयांक शैक्षणिक बँकेत जमा राहतात व ठरावीक मुदतीत परत येऊन शिक्षण पुढे नेता येते. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्याचीही मुभा आहे. पुन्हा परीक्षा देण्यासाठी वर्षभर थांबायचे असेल, तर मर्यादा आधीच ठरवावी. जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. नीटला वयाची कमाल मर्यादा नाही, म्हणून तेथे थांबायचे कोठे हे कुटुंबानेच ठरवावे लागते.

अठराव्या वर्षी वाट बदललेला विद्यार्थी बाविसाव्या वर्षी मागे पडलेला दिसतो. तिसाव्या वर्षी त्या एका वर्षाची आठवणही कोणाला राहत नाही. नको असलेल्या कामात काढलेली तीस वर्षे मात्र लपत नाहीत. यंदाचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, टीव्ही व मोबाइल बाजूला सारावेत आणि मुलाला किंवा मुलीला आधी बोलू द्यावे. पसंतीक्रमाचा पहिला रकाना त्यानंतर भरावा.